लेक येईपर्यंत

आमच्या शाळेच्या ग्रंथालयातल्या एका लोखंडी कपाटाला मुलं चित्रांचं कपाट म्हणतात. त्यात देशोदेशीच्या लोकांनी चित्रांतून सांगितलेल्या लहानपणच्या आठवणी आहेत. कुठं राजा पळून गेला तेव्हा लेखिका दहा वर्षांची होती, कुठं सीमा सरकली आणि लेखकाची शाळा झोपेतच दुसऱ्या देशात गेली. चौकटींमागून चौकटी: रणगाडे, मोर्चे, पाडलेले पुतळे, आणि कोपऱ्यात डोळे विस्फारून उभं राहिलेलं एक मूल. मी साताऱ्यातल्या या शाळेत चित्रकला शिकवते. ही पुस्तकं मीच मागवली, त्यामुळे मुलं ती वाचतात की नुसती चाळतात यावर माझं लक्ष असतं.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीनं असंच एक पुस्तक परत करताना सुस्कारा टाकला. म्हणाली, "बाई, आपल्याकडं असलं काय घडतच नाही. आपलं लहानपण वायाच गेलं म्हणायचं."

तिचं पुस्तक मी परत कपाटात लावलं. पण माझ्याही लहानपणी एक सत्तांतर झालं होतं. नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीतलं का असेना, झालं होतं. रणगाड्याच्या जागी काळ्या काचांची जीप होती. त्या सत्तांतरात माझ्या आईची खुर्ची आली आणि माहेर गेलं. हे त्या मुलीच्या वयाच्या पोरांसाठी चित्रांत मांडायचं मी त्याच आठवड्यात ठरवलं. ठरवताना वाटलं होतं की पुस्तक गमतीचं होईल.

आमचं गाव आटपाडीच्या पलीकडं. डाळिंबं, शेळ्या, आणि उन्हाळ्यात टँकर. मी तेरा वर्षांची होते तेव्हा सरपंचपद बाईसाठी राखीव झालं आणि गावातल्या सगळ्या पुढाऱ्यांना एका दिवसात आपापल्या बायकांचे गुण दिसू लागले. आमच्या पॅनेलच्या पुढाऱ्याची बायको वॉर्डातच पडली. पॅनेल मात्र पाच विरुद्ध चारनं निवडून आलं, आणि निवडून आलेल्या पाचांत बायका दोनच. एकीच्या नवऱ्याचं पुढाऱ्याशी बांधावरून भांडण. उरली माझी आई. चौथी शिकलेली, सही करता येणारी, आणि पुढाऱ्याच्या शब्दांत सांगायचं तर "गरीब स्वभावाची". या गुणाला आमच्याकडे राजकारणात फार मागणी आहे.

अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, चालण्यात त्या दिवसापासून फरक पडला. त्यांनी दोन पांढरे शर्ट शिवून घेतले. गावच्या वेशीवर फ्लेक्स लागला त्यात मधोमध पुढारी हात जोडून, त्याच्याभोवती डझनभर पुरुष, त्यांतल्या निम्म्यांच्या डोळ्यांवर काळे चष्मे. अण्णा दुसऱ्या रांगेत. भावी सरपंच डाव्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या आकारात, पदर इतका पुढं ओढलेला की गावाला तिची हनुवटी तेवढी दिसावी. आई पाण्याला जाता-येता त्या फ्लेक्सखालून मान खाली घालून जायची. ओळखीच्या कुणा मोठ्या माणसासमोरून जावं तशी.

निकाल आणि सरपंचाची निवड यांच्यामध्ये काही दिवस असतात. त्या दिवसांत सदस्य फुटतात. म्हणून ते फुटायच्या आत त्यांना सहलीला नेतात. आमदार असे नेले की वर्तमानपत्रांत बातमी येते; आमच्यासारख्यांची सहल बिनबोभाट होते, पण रीत तीच. अण्णांना जाता येत नव्हतं. डाळिंबाचा बहार धरलेला, फवारणी तोंडावर आलेली, शिवाय गावात आपला माणूस पाहिजे. बाईमाणूस एकटं कसं धाडायचं, म्हणून मला आईबरोबर दिलं. शाळेत सांगितलं की आजोळी गेली. माझं आजोळ म्हसवडच्या पुढं, आणि जीप निघाली बरोबर उलट्या दिशेला.

जीपमध्ये बसताना पुढाऱ्याच्या मेव्हण्यानं एका कापडी पिशवीत सगळ्यांचे मोबाइल गोळा केले. म्हणाला, "हरवत्यात पाण्याबिण्यात." आईजवळ मोबाइल नव्हताच. तरी तिनं पिशवीकडं बघून मान हलवली, जणू तिचाही त्यात गेला.

शिराळा मागं पडलं, घाट लागला, आणि हवेला ओल आली. आम्ही दुष्काळी माणसं. सगळीकडे हिरवं दिसायला लागलं की आम्हाला परक्याच्या घरात शिरल्यासारखं होतं. कोकणातल्या एका हॉटेलात आम्हाला ठेवलं. माझ्यासाठी तो स्वर्ग होता. पलंग, टीव्ही, जेवायला कुणीतरी वाढणार. सदस्य दिवसभर पत्ते खेळत. मेव्हणा दारात खुर्ची टाकून बसे आणि कुणी फाटकापर्यंत गेलं की प्रेमानं विचारे, "कुठं निगाला गड्या?" आई खोलीत बसून राही. रिकाम्या हाताचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं. ती चादरीच्या घड्या मोडून परत घाली.

एका दुपारी आम्हाला समुद्र दाखवायला नेलं. आईनं चपला हातात घेतल्या आणि ओल्या वाळूपाशी थांबली. मी पुढं पाण्यात होते. मागं वळून पाहिलं तर ती समुद्राकडं पाठ करून उभी होती, डोंगराच्या बाजूला तोंड करून. मी जवळ गेल्यावर म्हणाली, "कुणी हाक मारली का गं मला?" मी नाही म्हटलं. तिथं तिला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतंच; सगळे आत्तापासूनच तिला "सरपंच" म्हणत होते. ती पुन्हा थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "आयसारखा आवाज हुता."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. वारा असतो, लाटांचा आवाज असतो, आणि आईला माहेरची आठवण कायमच यायची. पण त्याच दिवशी सकाळी माझी आजी गेली होती.

हे आम्हाला दुसऱ्या दिवशी, निवडीनंतर कळलं. जीप सरळ ग्रामपंचायतीच्या दारात आली, पाच हात वर झाले, हलगी वाजली, गुलाल उडाला. आईच्या डोक्यावर, मानेवर, पाठीवर गुलाल. पुढाऱ्यानं भाषण केलं, त्यात स्त्रीशक्ती हा शब्द बऱ्याच वेळा आला. मिरवणूक आमच्या गल्लीत शिरली तेव्हा अण्णांनी हलगी थांबवायला सांगितली आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं. ती तिथंच खाली बसली, गुलालातच. लोकांना आधी वाटलं, आनंदानं चक्कर आली.

आमच्याकडे एक रीत आहे. बाई गेली की तिच्या लेकी येईपर्यंत माती थांबवतात. लेक मुंबईला असो, नाहीतर जावयाच्या फौजेच्या गावी; निरोप गेला की माणसं रस्त्याकडं बघत बसतात. उन्हाळा असला तर बर्फ आणतात, पण थांबतात. लेकीनं तोंडात पाणी घातल्याशिवाय आईला उचलत नाहीत. म्हसवडपासून आमचं गाव काही मुंबई नाही. मग भावानं माझ्यासाठी थांबू नये? आईनं एवढंच विचारलं. अण्णा म्हणाले, "त्यांनी उरकून घेतलं. त्यांची काय घाई हुती कुणास ठावं."

दहाव्याला तिनं जायला नकार दिला. तेराव्यालाही. पुढच्या दिवाळीत मामा भाऊबीजेला आला तर तिनं त्याला चहा दिला आणि ओवाळलं नाही. मामानं चहा संपवला. दारात चप्पल घालताना घुटमळला, मग गेला. पुन्हा आला नाही. आजोळ संपलं ते असं, आवाज न होता. पाच वर्षं आई सरपंच होती. सह्या तिनं केल्या, कारभार अण्णांनी केला, आणि गाव आजही त्यांनाच सरपंच म्हणतं. वेशीवरचा फ्लेक्स काढल्यावर अण्णांनी तो कडब्याच्या गंजीवर टाकला. उन्हानं आधी लाल रंग गेला, मग पिवळा. उरला निळा. गंजीवरून डझनभर निळे पुरुष हात जोडून आमच्या न्हाणीकडं बघत असायचे. आईची हनुवटी नेमकी दोरीच्या गाठीखाली आली होती.

आजी मेंढरांमागं चालणारी बाई होती. दिवाळी झाली की तिच्या घरचा कळप दक्षिणेला, नदीकाठाकडं निघायचा आणि जाताना आमच्या गावावरून जायचा. घोड्यावर संसार, घोड्यामागं बायका, बायकांमागं कुत्री. आजी एक मुक्काम आमच्या रानात करायची. ती गेल्यावरही कळप जात राहिले, तिचा नाही तर दुसऱ्या कुणाचे. मेंढरांची घंटा ऐकू आली की आई हातातलं टाकून बांधावर जायची. पदर डोळ्यांवर धरून एकेका बाईचं तोंड निरखायची. शेवटची बाई गेली की परत यायची आणि चुलीपुढं बसायची. मी मोठी झाल्यावर एकदा विचारलं, काय बघतेस? म्हणाली, "काय न्हाई. आय हाय का बघते." जणू बस चुकलेल्या माणसाची चौकशी.

ती असंच बोलायची. आय अशी म्हणते, आयला हे आवडत नाही. जिची माती पाहिली नाही ती गेली असं कशावरून? मी त्या वयात बरीच पुस्तकं वाचून बसले होते आणि हे मला अडाणीपणाचं वाटायचं. आता पस्तिशीला टेकल्यावर कळप चितारायला बसले तर रांगेतली शेवटची बाई प्रत्येक वेळी मान वळवलेली निघू लागली. मी तिला सरळ चालायला लावायचे, खोडायचे, पुन्हा काढायचे. ती मागं वळून बघतच राहिली. समुद्राच्या पानावर वाळूत पाच सदस्य आणि मी, अशी सहा माणसं हवी होती. मोजली तर सात निघाली.

आजोळच्या अंगणाचं चित्र मला स्मरणातून जमेना. म्हणून शाळेला सुट्टी लागल्यावर म्हसवडची एसटी धरली. घरी सांगितलं नाही. मामा लिंबाखाली दोरी वळत बसला होता. मला त्यानं आधी ओळखलं नाही. ओळखल्यावर वळलेली दोरी सोडून दिली. मामीनं भाकरी टाकली. मी वही काढून अंगण रेखाटू लागले तसा तो म्हणाला, "कशाला काढतीस हे?" मी पुस्तकाचं सांगितलं. आजी गेली तेव्हा कुठं ठेवलं होतं, तेही विचारलं. त्यानं लिंबाच्या बुंध्याजवळची जागा दाखवली आणि मग आपण होऊन बोलू लागला.

सकाळपासून ते थांबले होते. पोरं रस्त्यावर बसवली होती, प्रत्येक एसटी बघायला. आमच्या गावच्या दुकानात निरोप दिला होता, अण्णांच्या मोबाइलवरही. माणसं जमली होती, दुसऱ्या गावची परत निघाली होती, तरी मामानं उचलू दिलं नव्हतं. मामी मधून मधून आजीवर पांघरलेल्या घोंगड्यावर पाणी शिंपडत होती.

"दिवेलागनीला दाजींचा फोन आला," मामा म्हणाला. "म्हनले, तिला न्हाई जमायचं. थांबू नका. मी म्हनलं, तिला द्या की फोन. तर म्हनले, ती मीटिंगात हाय."

मी वहीतला लिंबाचा बुंधाच पुन्हा पुन्हा गिरवला.

"खुर्ची प्यारी झाली म्हनलं भनीला. त्या दिवशी दोघींची माती केली आमी, बाळ." मग जणू मलाच समजावत, "भाऊबीजंला गेलो हुतो मी. म्हनलं, आपून हुन जावं. तर ववाळलंबी न्हाई."

मामाला वाटत होतं तिनं निरोप धाडला. आईला वाटत होतं तो थांबला नाही. आणि दोघांच्या मधे अण्णा होते, पांढऱ्या शर्टात.

त्या संध्याकाळी मी सातारला न जाता गावी गेले. आई शेळ्यांच्या मागं रानात होती. अण्णा ओट्यावर बसून कुणाशी तरी कालव्याच्या पाण्याबद्दल बोलत होते. तो माणूस "येतो सरपंच" म्हणून उठेपर्यंत मी थांबले. मग विचारलं. ते नाकारतील असं मला वाटलं होतं. मी तशा वादाची तयारीही केली होती. त्यांनी नाकारलं नाही. चष्मा काढला, पुसला, घातला.

"म्हातारी गेलीच हुती," ते म्हणाले. "हिनं येऊन तिला काय कळनार हुतं? आन ही आली असती तर निवडीला एक मत कमी, चार-चार झालं असतं. चिठ्ठी टाकली असती. हाताशी आलेलं चिठ्ठीवर सोडायचं व्हय?"

मी म्हटलं, तेवढंच असतं तर निवडीनंतर सांगता आलं असतं.

"सांगनार हुतो. ती भावावर चिडली. मला वाटलं, चार दिस चिडंल." ते गंजीकडं बघत होते. "मग लय दिस झालं. लय दिस झाल्यावर सांगता येत न्हाई."

मी राजवटींच्या लबाडीबद्दल बरंच वाचलं आहे. तुरुंगातून लिहिलेलं, देश सोडून लिहिलेलं. पण कोणत्याही हुकूमशहाची इतकी प्रामाणिक कबुली माझ्या वाचनात नाही. तेवढ्यात आईच्या शेळ्या आल्या आणि आम्ही गप्प झालो. मी निघताना ते वेशीपर्यंत सोडायला आले. म्हणाले, "मी सांगतो तिला. माझ्या तोंडानं. तू चितारू नगो आधी." हे मला पटलं. सांगायचा पहिला मान त्यांचाच होता.

मी थांबले. पंधरवडा गेला, महिना गेला. दर रविवारी फोनवर आईचा आवाज ऐकला की कळायचं, अजून नाही. ती शेळीच्या करडांबद्दल बोलायची, डाळिंबावरच्या तेल्या रोगाबद्दल बोलायची. कळप परतीच्या वाटेला लागलेत म्हणाली. बांधावर गेली होतीस का, हे मी विचारलं नाही. इकडे बाकीची पानं पुरी होत आली. मेव्हण्याची पिशवी झाली, स्त्रीशक्तीचं भाषण झालं, ते फार चांगलं उतरलं. राहिलं होतं एकच पान. त्यावर वरच्या चौकटीत अंगण, घोंगडं, रस्त्याकडं बघणारी पोरं. खालच्या चौकटीत दुकानापुढं उभं राहून फोन कानाला लावलेले अण्णा. त्यांच्या तोंडाजवळ बोलण्याचा गोल काढलेला होता. आत अक्षर नव्हतं. चित्रकथेत गोल आधी काढावा लागतो, नाहीतर शब्दांना जागा उरत नाही. मी जागा ठेवली होती. भरायला हात धजत नव्हता.

आणि मला दुसरीच भीती होती. हे पुस्तक छापून आलं आणि आईला ते गावातल्या एखाद्या शाळकरी पोरानं वाचून दाखवलं, तर? अख्ख्या गावाला कळल्यावर तिला कळणार. तसं तर तिच्या बाबतीत एकदा होऊन गेलंच होतं. दुकानदाराला माहीत होतं, पुढाऱ्याला माहीत होतं, मेव्हणा तर सगळ्यांचे फोन सांभाळत होता.

मग मी पानांचा गठ्ठा घेऊन गेले. सकाळची वेळ होती, अण्णा ओट्यावर. त्यांना दिसेल अशा रीतीनंच मी आईला आत बसवलं आणि पानं पुढं ठेवली. ते उठून जाऊ शकले असते. गेले नाहीत. आतही आले नाहीत.

आईला अक्षर वाचायला वेळ लागतो, चित्र मात्र ती पटापट वाचत गेली. फ्लेक्सचं पान बघून तोंडाला पदर लावून हसली. "एवढी हनुवटी हाय व्हय माझी?" चादरींच्या घड्यांवर थांबली. समुद्राच्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "ही कोन मागं?" मी म्हटलं, चुकून आली. ती म्हणाली, "चुकून कशी यील."

मग ते पान आलं. तिनं लिंब ओळखला. घोंगडं ओळखलं. रस्त्याकडं बघणाऱ्या पोरांवरून तिचं बोट सावकाश फिरलं आणि खालच्या चौकटीत उतरलं. अण्णांना तिनं ओळखलं, शर्टावरून. बोट त्या रिकाम्या गोलावर येऊन थांबलं.

"इथं काय लिवायचं ऱ्हायलंय?"

मी तिला सांगितलं. मामाचे शब्द होते तसेच सांगितले, कमी केले नाहीत आणि वाढवलेही नाहीत. मीटिंगचंही सांगितलं.

तिनं ओट्याकडं बघितलं नाही. मी अनेक पुस्तकांत अशा क्षणी बायका काय करतात ते वाचलं आहे. भांडी पडतात, दिवे विझतात. आई पानाकडं बघत होती. मग म्हणाली, "म्हंजी दादा थांबला हुता."

"दिवेलागणीपर्यंत."

"दिवेलागनीपातूर," ती म्हणाली, आणि पुन्हा पोरांवरून बोट फिरवलं. "आन ही पोरं?"

"प्रत्येक एसटी बघत होती."

तिनं पानं गोळा केली, कडा सारख्या केल्या, माझ्या हातात दिली. "मग लिव की तिथं. मोकळं कशाला ठिवलंयस?"

ती उठली. धुतलेलं साधं पातळ नेसून बाहेर आली. अण्णा उभे राहिले होते.

"शेळ्यांस्नी पाला टाका," ती त्यांना म्हणाली. "मी म्हसवडला जातीया."

अण्णांनी विचारलं, मी येऊ का. आवाज असा, की मी मान दुसरीकडं वळवली.

"तुमी कशाला?" आई म्हणाली. "तुमी मिटवून टाकलंय तिथलं."

तिचा आवाज चढला नव्हता. अण्णांना ती आयुष्यभर आवं-तुमीच करत आली, त्या दिवशीही त्यात फरक केला नाही. पण तिनं त्यांच्याकडं बघितलं तेव्हा ते ओट्याच्या खांबाला हात लावून उभे राहिले, आणि आम्ही वळणावर दिसेनासे होईपर्यंत तसेच होते. नंतर त्या घरात काय झालं ते पुस्तकात नाही. मला विचारलं तर ती अजून तिथंच राहते, त्यांना जेवायला वाढते. समोर बसत नाही.

एसटीत आई खिडकीशी बसली. माहेरी जाताना बाई काहीतरी घेऊन जाते, चार केळी तरी. मी आटपाडीच्या स्टँडवर काही घेऊ का विचारलं तर म्हणाली, "दुखाच्या घरी कोन नेतं का काय?" मला वाटलं, रागानं बोलतेय. कंडक्टरला तिनं सुट्टे पैसे दिले, शेजारणीला कुठल्या गावच्या विचारलं. एवढ्या वर्षांत रस्ता रुंद झाला होता. कुठं काय होतं, काय पाडलं, हे ती बघत होती.

फाट्यावर उतरून आम्ही चालू लागलो. मी सावकाश सांगत होते की मामाला मी फोन केलेला नाही, तो घरी असेल नसेल, आपण आधी… ती ऐकत नव्हती. वळण संपलं, लिंबाचा शेंडा दिसला आणि घराचं पत्र्याचं छप्पर दिसलं. आईनं पदर तोंडावर ओढला आणि मोठ्यानं रडायला सुरुवात केली.

हे रडणं मला ओळखू यायला एक क्षण लागला. आमच्याकडे लेक मातीला येते तेव्हा घर नजरेला पडल्यापासून असंच रडत यायचं असतं, उंच आवाजात, सूर धरून, म्हणजे घराला आणि गावाला कळतं की लेक आली. आजी गेल्याला वीसेक वर्षं झाली होती. आई भर दुपारी, कोरड्या डांबरी रस्त्यावरून, "आये, तुझी लेक आली गं, आये" असं म्हणत चालली होती, आणि तिच्या मागं मी, पाठीवर पुस्तकाचा गठ्ठा घेऊन, काय करावं ते न कळून.

दारं उघडली. बायका बाहेर आल्या. एकीचे हात पिठाचे होते. एक सून कडेवर पोर घेऊन धावत आली आणि मला विचारू लागली, कोण गेलं, कोण गेलं. मी म्हटलं, हिची आई.

"कवा?"

तोवर समोरच्या घरातून एक म्हातारी काठी टेकत आली होती. तिनं आईला बघितलं, ओळखलं, आणि सुनेला काहीतरी सांगितलं. सून म्हणाली, "आवं आत्ती, ती म्हातारी जाऊन लय वर्सं झाली न्हवं?"

"मग?" म्हातारी म्हणाली. "लेक आज आली."

आणि तिनं काठी भिंतीला लावली, पदर तोंडाला घेतला आणि आईच्या रडण्यात आपला आवाज मिसळला. बाईला एकटीला रडू देत नाहीत. बाकीच्या बायकाही आल्या. काही आजीला ओळखणाऱ्या, काही नुकत्या लग्न होऊन आलेल्या, ज्यांना हे कुणासाठी चाललंय हेसुद्धा माहीत नसावं. त्याही बसल्या.

मामा लिंबाखालून उठून अंगणाच्या कडेला आला होता. त्याच्या हातात दोरी तशीच होती. आई त्याच्या पायाशी वाकली नाही की गळ्यात पडली नाही. तिनं पदरातून तोंड काढून एवढंच विचारलं, "दादा, कुठं ठिवलं हुतं आयला?"

त्यानं बुंध्याजवळची जागा दाखवली. दोरीनंच दाखवली.

आई तिथं गेली, जमिनीला हात लावला आणि मांडी घालून बसली. मामी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तो कुणाला द्यायचा हे न कळून दारातच थांबली. म्हातारीनं तिला खुणेनं जरा थांब सांगितलं. ऊन लिंबाच्या पलीकडं सरकत होतं. रस्त्यावरून एक एसटी गेली, आणि अंगणातल्या सगळ्या बायकांनी सवयीनं तिकडं वळून पाहिलं. आईनं पाहिलं नाही.